पापणीचा पहिला टाका

गणवीर सर गेल्याचं मला व्हॉट्सअॅपवर कळलं. पुण्यातल्या आम्हा जनावरांच्या डॉक्टरांचा एक ग्रुप आहे. एरवी तिथे औषध कंपन्यांच्या जेवणाची आमंत्रणं आणि एकमेकांच्या वाढदिवसांचे केक फिरतात. त्या दिवशी सकाळपासून जोडलेले हात पडायला लागले. 'ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो' असं कुणीतरी लिहिलं आणि बाकीच्यांनी तेच उचलून खाली चिकटवलं. सर बौद्ध होते. ईश्वर आणि आत्मा, दोन्ही त्यांनी जन्मभर मानले नाहीत. पण एवढं बघायला वेळ कुणाला आहे? चार वर्षांपूर्वी ह्याच ग्रुपवर 'वय झालं की थांबावं माणसानं' असं लिहून पुढे हसरं तोंड टाकणाऱ्या गृहस्थांनी 'निष्णात शल्यविशारद हरपला' असं लिहिलं. त्याला सत्तावीस अंगठे आले. एक माझा होता.

दुपारी आमच्या संघटनेच्या अध्यक्षांचा फोन आला. "जोगळेकर, तुम्ही त्यांच्या हाताखाली होतात ना? स्मरणिकेसाठी दोन पानं द्या की. हृद्य असं काहीतरी." मी हो म्हणाले. मोठ्या माणसांना हो म्हणायची मला सवय आहे. दोन पानं लिहून दिलीही. त्यांत खोटं एक वाक्य नाही आणि खरंही काही नाही. हे आता लिहितेय ते वेगळं आहे.

मी त्यांच्याकडे लागले तेव्हा त्यांचा दवाखाना वारज्याला, हायवेच्या सर्व्हिस रोडवर होता. दोन गाळे आतून जोडलेले. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स. बोर्डावर फक्त 'डॉ. गणवीर, पशुवैद्यक'. कुत्र्याचं चित्र नाही, पंजा नाही, हृदय नाही. आत पडद्यापलीकडे ऑपरेशनचं टेबल. ते टेबल मात्र असं लख्ख, की आमच्या हल्लीच्या काचेच्या हॉस्पिटलनं लाजावं.

सर बुटके, काळेसावळे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. लोक आत येत, एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत, आणि कुत्र्याचा पट्टा त्यांच्या हातात देऊन मला म्हणत, "डॉक्टर, जरा बघता का ह्याला?" सर पट्टा धरत. "धरतो मी. तुम्ही सांगा डॉक्टरांना," म्हणत. समोरचा माणूस सगळी कहाणी मला सांगून मोकळा होईपर्यंत ते तसेच पट्टा धरून उभे राहत, आणि मग शांतपणे खुर्चीत बसून विचारत, "हं. पाणी कधीपासून येऊन राहिलं डोळ्यातून?" समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होई. मला वाटायचं, सर गंमत करतात. पहिलं वर्षभर मी घरी जाऊन हा किस्सा रंगवून सांगत असे. त्यात गंमत काही नव्हती, संताप होता, हे कळायला मला फार उशीर लागला.

मूळचे ते नागपूरकडचे. पुण्यात आयुष्य गेलं तरी 'करून राहिलो'चं 'करतोय' झालं नाही. माणसांशी जेवढ्यास तेवढं. कुत्र्यांना मात्र अहो-जाहो. "या, बसा. जरा वर बघता का? बरं, नका बघू. घाई नाही आपल्याला." कुत्रं आत आलं की पाच मिनिटं ते त्याला हात लावत नसत. नुसते बघत. कुठल्या बाजूला धडकतं, कुठला डोळा बारीक करतं, पंजानं कुठे खाजवतं. पलीकडे मालक मोबाईलवर वेळ बघत बसलेला. "डॉक्टर, हे बघताय ना?" "पाहूनच राहिलो."

डोळ्यांची कुत्री त्यांच्याकडे लांबून लांबून येत. त्यातही पापणीच्या गाठींची. कुत्रं आठ-दहा वर्षांचं झालं की पुष्कळदा पापणीच्या कडेला, तेलाच्या बारीक ग्रंथी असतात तिथे, गाठ येते. सुरुवातीला तांदळाएवढी, मग फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी फुगत जाते. बहुतेक वेळा अंगात पसरणारी नसते, जिवाला धोका नसतो. पण कुत्रं दर उघडझापीला ती गाठ बुबुळावरून फिरवतं. खरखरीत बोट दिवसभर डोळ्यात घालून बसावं तसं. सर पापणी अंगठ्यानं उलटी करून आतली पिवळट ग्रंथी दाखवत आणि मालकाला सांगत, "गाठ साधी आहे. जागा वाईट आहे." हे वाक्य मी किमान दोनशे वेळा ऐकलं असेल.

हिंजवडीचं एक जोडपं गोल्डन रिट्रीव्हर घेऊन आलं होतं. दोघांचे डोळे सुजलेले, कुत्र्याचा एकच. "सर, वी रेड ऑनलाइन, कॅन्सर असू शकतो. एमआरआय करायचा का? होल बॉडी?" सरांनी पापणी उलटवली, मोजपट्टीनं गाठ मोजली, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लाल पेनानं डोळा काढला. चित्र असं हुबेहूब की बाई रडायची थांबली. "पापणीची एवढी लांबी. तिचा तिसरा हिस्सा जाईपर्यंत चिंता नाही. असा चिमणीच्या घरासारखा पाचकोनी तुकडा काढायचा, कडा जोडून घ्यायच्या, पापणी आपसूक ताणून घेते. काढलेली गाठ बाटलीत घालून तपासायला पाठवायची. साधी दिसते म्हणून साधी म्हणायचं नसतं." "मग एमआरआय?" "कुणाचा?" सरांनी विचारलं. जोडप्यानं ते कागदावरचं चित्र मागून नेलं. नंतर फ्रेम करून लावलं म्हणे.

दुसरे आले होते मुठा खोऱ्यातल्या कुठल्याशा गावचे एक आजोबा. बरोबर धनगरी कुत्रं, आणि त्याच्या पापणीवरच्या गाठीला काळा केस करकचून बांधलेला. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की ती वाळून गळते, हा आपल्याकडचा जुना उपाय. गाठीचं टोक काळंनिळं झालं होतं आणि केसाचं सुटं टोक डोळ्यात घुसून घुसून बुबुळावर ओरखडे उठले होते. मी भडकले. आजोबांना नाही नाही ते बोलले. आजोबा म्हणाले, "बाई, मानसाची गळती, मंग कुत्र्याची का न्हाय गळायची? माझी सोताची गळली हाय." सरांनी मला हातानंच थांबवलं. विचारलं, "घोडा कुणाचा, बाबा?" "वरातीचा हाय, पाव्हन्याचा." "चांगला दिसतो घोडा. केस मजबूत आहे." मग केस कापत, तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "पण बाबा, तुमचं दुखलं तेव्हा तुम्ही ओरडून सांगितलं असेल, सैल करा म्हणून. ह्यानं कुणाला सांगावं?" आजोबा एकदम खाली बसले आणि त्यांनी कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं. ऑपरेशन झाल्यावर टाके निघेपर्यंत तीन वेळा ते एसटीनं आले, वेळेच्या आधी. नंतर सर मला म्हणाले, "त्या माणसानं प्रेमानं चूक केली, जोगळेकर बाई. तुम्ही रागानं बरोबर बोलून राहिल्या. त्याला काय उपयोग?" मला राग आला होता. आजही थोडा येतो, कारण ते खरं होतं.

आणि तिसरं, तेही सांगून टाकते. एक गृहस्थ आपला पग घेऊन आले, आणि ऑपरेशन ठरल्यावर चौकशी सुरू झाली. आपल्याकडे ती होतेच. "गणवीर म्हणजे आपण कुठले?" "वारज्याचे." "नाही, त्याआधी?" "नागपूर." "ते झालं हो, पण मूळचे?" सरांनी चष्मा काढून पुसला. "मूळचे तुमच्याच देवळाच्या बाहेरचे. आत सोडत नव्हते, म्हणून बाहेर पडलो. पगला रात्री बारानंतर खायला देऊ नका." गृहस्थ पुन्हा आले नाहीत. मी सरांकडे दोन वर्षं होते. मला मूळची कुठली हे एकानंही विचारलं नाही. माझं आडनाव ऐकलं की लोकांची चौकशी पूर्ण होत असे.

सरांचा हात थरथरत असे. चहाची बशी हातात आली की कप किणकिण वाजायचा. तरुणपणापासून होतं ते, आजार असा नव्हता. पण त्याच हातात चिमटा आला आणि चिमट्याचं टोक पापणीला टेकलं, की थरथर बंद. मी भिंगाच्या चष्म्यातून, सहा इंचांवरून पाहिलंय. घड्याळजी काम करतो तसा हात. हे टेबलाशी उभं राहिलेल्यालाच माहीत होतं. बाकीच्यांना चहा दिसायचा.

शिकवताना त्यांचे दोनच हट्ट होते. पहिला थेंबांचा. डोळा लाल आहे म्हणून सूज उतरवणारे थेंब, म्हणजे स्टेरॉइड, तसेच टाकायचे नाहीत. आधी केशरी रंगाची कागदी पट्टी डोळ्याला लावायची, निळ्या उजेडात बघायचं. बुबुळावर जखम असेल तर हिरवी चमकते. जखमेवर ते थेंब गेले तर बुबुळ विरघळतं. "पट्टी लावल्याशिवाय थेंब नाही. देव आला सांगत तरी नाही." दुसरा हट्ट पापणीच्या कडेवरच्या पहिल्या टाक्याचा. तो आठाच्या आकड्यासारखा घालायचा आणि त्याच्या दोऱ्याची टोकं लांब ठेवायची. पुढच्या टाक्याखाली अडकवून ती बुबुळापासून दूर वळवायची. दिसायला गबाळं दिसतं, पण आखूड कापली तर दोऱ्याच्या गाठीपाशी ताठ खुंट राहतात आणि ते प्रत्येक उघडझापीला बुबुळ खरवडतात. "दिसायला गबाळं चालेल. कुत्रं आरशात पाहत नाही."

दोन वर्षं मी पापण्या धरल्या, रक्त टिपलं, दोरे कापले. सुई मात्र सरांनी हातात दिली नाही. मी रोज मागत होते. मला बाणेरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात जागा हवी होती आणि तिथल्या लोकांना मी केलेल्या कामाचे फोटो हवे होते. माझ्याकडे एकही नव्हता.

दसऱ्याच्या आधी लिमये बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, कोथरूडच्या, एकट्या. त्यांच्याकडे अकरा वर्षांचा कॉकर स्पॅनियल, सोन्या. त्याच्या वरच्या पापणीची गाठ फुटून रक्त येत होतं. सर दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जात. त्याच्या आदल्या आठवड्यात ते टेबल बंद ठेवत, कारण मागे बघायला कुणी नाही. पण रक्त बघून परत पाठवायचं त्यांचं मन झालं नाही. निघायच्या दिवशी दुपारी घेऊ म्हणाले. लिमये बाई स्वच्छ म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही स्वतः करणार असाल तरच." बोलताना त्यांची नजर सरांच्या हातातल्या बशीकडे होती. सर म्हणाले, "मी स्वतः करतो."

गाठ त्यांनीच काढली. सुरेख काढली. मग हात मागे घेतला आणि सुईचा चिमटा माझ्यापुढे धरला. "घ्या. रोज मागून राहिल्या ना?" माझे टाके चांगले पडले. पहिला टाका आठाचा, टोकं लांब, पुढच्या टाक्याखाली अडकवलेली. सरांनी भिंग लावून दोनदा पाहिलं. "चांगला आला," म्हणाले. दोन वर्षांतलं पहिलं कौतुक. आणि गाडी गाठायची म्हणून कपडे बदलायला मागच्या खोलीत गेले.

मी मोबाईल काढला. पडद्यावर ती लोंबणारी दोऱ्याची टोकं फार गबाळी दिसत होती. मोठ्या हॉस्पिटलात कोण बघणार असलं काम? मी कात्री घेतली आणि दोन्ही टोकं गाठीलगत कापली. चक्, चक्. फोटो झकास आला.

हे मी आजवर एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

दसऱ्याच्या दिवशी मी शोरूममध्ये होते, नवीन गाडी घ्यायला. झेंडूचा हार, नारळ, सासूबाई, पेढे. लिमये बाईंचा फोन आला. "अगं, सोन्या डोळा मिटूनच बसलाय. सारखं पाणी येतंय. रिक्षानं घेऊन येऊ का?" एवढ्यात किल्ली हातात घेऊन फोटो काढायला सगळे उभे राहिले. मी म्हणाले, "सूज असते हो काकू, टाक्यांची. मागे त्याचे डोळे लाल झाले तेव्हा सरांनी दिलेले ते पांढरे थेंब आहेत ना घरी? ते दिवसातून चार वेळा घाला. सर शनिवारी येतील." पांढरे थेंब म्हणजे स्टेरॉइड. पट्टी नाही, निळा दिवा नाही, कुत्रं बघितलंसुद्धा नाही. बाई शिस्तीच्या. घड्याळाच्या ठोक्याला चार वेळा घालणाऱ्या. त्यांनी दोन दिवस एकही वेळ चुकवली नाही.

शनिवारी सर स्टेशनवरून तडक आले. सोन्याचं बुबुळ विरघळून फुटलं होतं. सरांनी भिंग लावलं, पापणी उचलली आणि त्या पहिल्या टाक्याकडे बराच वेळ बघत राहिले. तिथे दोन आखूड खुंट उभे होते. लांब टोकं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. मी ट्रेमधली हत्यारं पुन्हा पुन्हा सरळ करत होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. एकदा बघितलं फक्त.

बाहेर जाऊन ते बाईंना म्हणाले, "डोळा काढावा लागेल. चूक आमच्याकडून झाली." आमच्याकडून. लिमये बाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला त्याच दिवशी वाटलं होतं. तुमचा हात चहाच्या कपाला स्थिर नव्हता." सरांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मी तिथेच उभी होते, दोन पावलांवर. तोंड उघडायला किती वेळ लागतो?

पशुवैद्यक परिषदेच्या पुण्यातल्या ऑफिसात तक्रार झाली. बाईंचा भाचा वकील होता. चौकशीला तीन जणांची समिती बसली होती, समोर सर आणि मी. संमतीपत्रावर सरांचं नाव, बाईंना दिलेला शब्द सरांचा, आणि पुढे ठेवलेल्या चहाचा कप सरांच्या बशीत वाजतोय. तिघेही त्या कपाकडे बघत होते. माझ्या पर्समध्ये बाणेरच्या हॉस्पिटलचं नेमणुकीचं पत्र होतं. त्यात एक ओळ होती, उमेदवारावर कोणतीही तक्रार प्रलंबित नसावी. त्यांनी नेमणूक केली होती तो फोटो बघून. तोच फोटो. मुलाखत घेणारे म्हणाले होते, किती नीटनेटकं काम आहे.

"टाके कोणी घातले?"

प्रश्न सरांना होता. सर बोलायच्या आत मी म्हणाले, "सरांनी."

"आणि थेंब?"

"सरांनी जाताना सांगून ठेवलेले."

हे दुसरं कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं. पहिलं भीतीनं निघालं असं एक वेळ म्हणता येईल. दुसरं मी चांगलं शांतपणे बोलले. समितीच्या अध्यक्षांनी सरांना विचारलं, "हे बरोबर आहे?" सर म्हणाले, "टेबल माझं होतं." ह्यापलीकडे एक अक्षर नाही. लिहून घेणाऱ्यानं 'मान्य' असं लिहिलं.

सहा महिने काम बंद ठेवायचा आदेश आला. सहा महिने म्हणजे काही जन्मठेप नव्हे, पण सोसायट्यांच्या ग्रुपवर आदेश पोचला तो वेगळ्याच भाषेत. 'हात थरथरतो तरी ऑपरेशन करत होता.' 'आधीच शंका होती.' 'असल्यांच्या डिग्र्या कशा असतात ते माहितीच आहे.' हे शेवटचं वाक्य माझ्याच नात्यातल्या एका बाईनं लिहिलं होतं. मी वाचलं आणि फोन पालथा ठेवला. लोकांना पुरावा नको होता, निमित्त हवं होतं. ते मी पुरवलं. सहा महिन्यांनी सरांनी दवाखाना उघडलाच नाही. गाळ्यात आता मोमोज मिळतात.

आणि मी? मी डोळ्यांची स्पेशालिस्ट आहे. माझ्या नावाची पाटी काचेवर आहे. पहिल्या टाक्याची टोकं मी इतकी लांब ठेवते की ज्युनियर हसतात.

तीन वर्षांनी मी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, कात्रीपासून शोरूमपर्यंत. त्या समितीच्या नावानं. छापून, सही करून, आधी सरांकडे घेऊन गेले. वारज्याला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. गणवीर काकू मुलीकडे गेलेल्या होत्या. दार सरांनीच उघडलं. शर्ट तसाच, इस्त्रीचा. "या, बसा," म्हणाले. मला त्यांनी कुत्र्यांशी बोलतात त्या आवाजात बोलावलं असं वाटलं आणि मला रडू फुटलं. त्यांनी पाणी दिलं. आणताना अर्धं सांडलं.

कागद हातात धरवेना म्हणून त्यांनी तो टेबलावर पसरला आणि भिंग घेऊन वाचला. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचला. मग लाल पेन घेतलं. मी लिहिलं होतं, 'डॉ. गणवीर यांना ह्याची काहीही कल्पना नव्हती.' ते वाक्य त्यांनी खोडलं.

"होती," म्हणाले. "शनिवारी टाका पाहिला तेव्हाच होती. खरं लिहायचं तर पूर्ण लिहा."

"सर, मग तुम्ही तिथं बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बाईंना शब्द मी दिला होता. तो मोडून सुई तुमच्या हातात दिली. तेवढं माझं होतं, तेवढं मी घेतलं." मग म्हणाले, "बाकीचं तुमचं होतं. मला वाटलं, तुम्ही घ्याल. त्यासाठीच मी थांबलो होतो. तुम्ही मात्र लगेच माझं नाव घेतलं."

मी म्हणाले, "मी हे आता देते, सर. तुम्ही म्हणत असाल तर."

तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. आवाज चढला नाही. "मी म्हणत असेन तर? हे मला दाखवायला काऊन आणलं, जोगळेकर बाई? मी नको म्हणीन म्हणून? म्हातारा मोठ्या मनाचा आहे, जाऊ द्या म्हणेल, आणि तुम्ही मोकळ्या होऊन घरी जाल?"

 अगदी हेच मनात होतं, आणि ते मलाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"मी नको म्हणणार नाही," सर म्हणाले. "मला पाहिजे ते. लिमये बाई जिवंत आहेत, त्यांना कळलं पाहिजे. माझ्या मुलीला कळलं पाहिजे. तिला सासरी ऐकून घ्यावं लागतं. द्या. आजच द्या. ऑफिस साडेपाचपर्यंत उघडं असतं."

भिंतीवर सव्वाचार वाजले होते. त्यांनी कागदाची घडी घातली, कडा जुळेना म्हणून पुन्हा घातली आणि माझ्या हातात दिली. दारापर्यंत आले.

खाली येऊन मी गाडीत बसले. तीच गाडी, दसऱ्याची. सोसायटीच्या समोरच चौक आहे. डावीकडे शहर आणि ते ऑफिस, उजवीकडे हायवे, बाणेर, माझं घर. सिग्नल लाल होता. आरशात तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी दिसत होती. सर दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते आणि गाडीकडे बघत होते. मी कुठल्या बाजूचा दिवा लावते, ते बघत असावेत.

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न वाजवला. साडेपाचला मुलीला क्लासहून आणायचं होतं, सहाला एक शिह त्झू कुत्रं यायचं होतं, आणि पत्र काय, उद्याही देता येईल.

मी उजवीकडे वळले. वळता वळता आरशात पाहिलं, तर ते पाठ फिरवून आत चालले होते.